बाळाचा खुबा आणि सहावा आठवडा

मूल पहिले पाऊल टाकते तेव्हा घरात कौतुकाला भरते येते. मात्र काही घरांत त्याच सुमारास एक शंकाही डोके वर काढते. मूल एका बाजूला झुकून चालते, एक पाय किंचित आखूड वाटतो, चाल बदकासारखी दिसते. 'नवे नवे आहे, सरावाने सुधारेल' असे म्हणून दोन-चार महिने जातात. पुढे क्ष-किरण छायाचित्र काढले जाते आणि कळते, की मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील खोबणीत कधी नीट बसलेलाच नव्हता. हा दोष जन्मानंतर सहा आठवड्यांत, एकही टाका न घालता आणि किरणोत्सर्गाचा लवलेशही नसलेल्या सोनोग्राफीने ओळखता येतो. तरीही भारतात तो पुष्कळदा मूल चालू लागल्यावरच उघडकीस येतो. असे का होते, हे समजून घ्यायचे तर तपासणीच्या शास्त्राबरोबर ती तपासणी कोणत्या गावी आणि कोणत्या दिवशी व्हायची, याचाही विचार करावा लागतो. गुजरातेतील सुरत हे त्यासाठी बोलके उदाहरण आहे.

खुब्याचा सांधा हा उखळी सांधा. उखळ आणि त्यात फिरणारा गोळा, अशी त्याची रचना. जन्माच्या वेळी या उखळीचा बराच भाग कूर्चेचा, म्हणजे मऊ, असतो आणि मांडीच्या हाडाचा माथा तर जवळजवळ संपूर्ण कूर्चेचाच असतो. गोळा उखळीत नीट बसलेला असेल, तर त्याच्या दाबाने उखळ खोल व गोलाकार घडत जाते. गोळा बाहेर सरकलेला असेल, तर उखळ उथळ राहते आणि उथळ उखळीत गोळा अधिकच सरकतो. पहिल्या काही महिन्यांत ही घडण फार वेगाने होते. म्हणूनच त्या महिन्यांतील उपचार सोपा असतो आणि नंतरचा अवघड.

वैद्यकात या दोषाला 'डेव्हलपमेंटल डिस्प्लेझिया ऑफ द हिप', संक्षेपाने डीडीएच, म्हणतात. पूर्वी त्याचे नाव 'जन्मजात खुबा निखळणे' अशा अर्थाचे होते. बेलग्रेडचे अस्थिरोगतज्ज्ञ प्रेद्राग क्लिसिच यांनी १९८९ मध्ये ते नाव दिशाभूल करणारे असल्याचे दाखवून दिले. सगळेच खुबे जन्मतः निखळलेले नसतात. काही नुसते सैल असतात, काहींची उखळ उथळ असते, तर काही जन्मानंतरच्या आठवड्यांत हळूहळू बिघडतात. पूर्ण निखळलेला खुबा साधारणपणे हजार जन्मांमागे एक-दोन बालकांत आढळतो, असे पाठ्यपुस्तके सांगतात. सौम्य दोष धरले तर हे प्रमाण पुष्कळ वाढते.

हा दोष मुलींमध्ये अधिक असतो. बाधित बालकांपैकी सुमारे ८० टक्के मुली असतात. पहिलटकरणीचे बाळ, गर्भात पायाळू स्थितीत असलेले बाळ, आई-वडिलांपैकी कोणाला किंवा भावंडाला हाच दोष असणे, गर्भजल कमी असणे, ही जोखमीची कारणे आहेत. मान एका बाजूला आखडलेली असेल किंवा पावलांत व्यंग असेल, तरीही खुबे बघावेत. डावा खुबा उजव्यापेक्षा अधिक वेळा बाधित होतो. पोटातील नेहमीच्या स्थितीत बाळाची डावी मांडी आईच्या कण्याकडे दाबली जाते, हे त्याचे सर्वमान्य स्पष्टीकरण आहे. पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे कितीतरी समजुती आहेत. त्याने लाथ मारली की कंबरदुखी बरी होते, असे आजही म्हटले जाते. त्या पायाळू बाळाचीच कंबर आधी तपासायला हवी, एवढी भर त्या समजुतीत घालायला हरकत नाही.

दोष लपून राहतो, कारण तान्ह्या बाळाला तो दुखत नाही. बाळ पाय हलवते, रांगते, उभेही राहते. मांडीवरच्या वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसणे हे लक्षण आयांना चटकन दिसते, पण ते फारसे भरवशाचे नाही, कारण निरोगी बाळांतही वळ्या कमी-जास्त असतात. तीन महिन्यांनंतर एक मांडी दुसरीइतकी बाहेर न उघडणे हे अधिक विश्वासार्ह लक्षण होय. लंगोट बदलताना एक पाय सहज बाजूला होत नाही, हे पहिल्यांदा लक्षात येते ते आईच्या किंवा आजीच्याच. दोन्ही खुबे निखळलेले असतील, तर तुलना करायला चांगली बाजूच उरत नाही आणि अशी बाळे हमखास निसटतात.

हातांनी करायच्या दोन परीक्षा जगभर शिकवल्या जातात. इटलीतील फेरारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांनी १९३७ मध्ये पहिली परीक्षा प्रसिद्ध केली. बाळाच्या मांड्या दुमडून हळुवार बाहेर उघडताना निखळलेला गोळा आत जातो आणि परीक्षकाच्या बोटांना हलका धक्का जाणवतो. इंग्लंडमधील टॉमस बार्लो यांनी १९६२ मध्ये उलटी परीक्षा सांगितली, म्हणजे आत असलेला पण सैल गोळा बाहेर सरकतो का, हे पाहण्याची. बाळ पोटभर प्यालेले, उबेत आणि शांत असले पाहिजे. रडणाऱ्या बाळाचे स्नायू ताठतात व परीक्षा फसते. शिवाय हा धक्का ओळखायला सरावलेला हात लागतो, आणि काही आठवड्यांत बाळाचे स्नायू घट्ट होत गेले की तो जाणवेनासा होतो. गोळा जागेवर आहे पण उखळ उथळ आहे, अशा बाळात तर हाताला काहीच लागत नाही.

क्ष-किरणांचा येथे उपयोग नाही, कारण कूर्चा त्यांत दिसत नाही. माथ्यातील हाडाचे केंद्र साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात दिसू लागते. त्याआधीची पोकळी सोनोग्राफीने भरून काढली. ऑस्ट्रियातील श्टोल्झआल्पे येथील अस्थिरोगतज्ज्ञ राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० मध्ये ही पद्धत मांडली. बाळाला कुशीवर, खास पाळण्यासारख्या आधारात ठेवतात आणि सरळ पट्टीचा प्रोब खुब्याच्या बाहेरील बाजूस धरतात. पडद्यावर उखळीचे हाडाचे छत आणि कूर्चेची कड दिसते. हाडाच्या छताचा जो कोन मोजतात तो अल्फा. कूर्चेच्या छताचा कोन बीटा. अमेरिकेत थिओडोर हार्क यांनी काही वर्षांनी सांधा हलवून पाहण्याची पद्धत रूढ केली. अनेक ठिकाणी आता दोन्हींचा मेळ घालतात.

अहवाल हातात पडला की पालक गोंधळतात, म्हणून त्यातील आकड्यांचा अर्थ येथे देणे उचित. अल्फा कोन ६० अंश किंवा अधिक असेल तर खुबा परिपक्व, म्हणजे 'टाइप १'. कोन ५० ते ५९ अंश आणि बाळ १२ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर 'टाइप २ अ'. हे अपरिपक्व खुबे बहुधा आपोआप सुधारतात, पण सुधारले की नाही हे पुन्हा पाहावे लागते. तोच कोन १२ आठवड्यांनंतरही तसाच राहिला, तर तो 'टाइप २ ब' ठरतो आणि मग त्याला दोष म्हणावे लागते. ४३ ते ४९ अंशांचे खुबे धोक्याच्या रेषेवरचे, आणि ४३ च्या खाली गोळा सरकलेला किंवा निखळलेला. म्हणजे आकड्याइतकेच बाळाचे वय महत्त्वाचे. प्रोब थोडा तिरका धरला तरी कोन बदलतो. ग्राफ यांनी ठरावीक खुणा दिसल्याशिवाय मोजमाप करूच नये असा दंडक घातला, तो याचसाठी. पोटाची सोनोग्राफी उत्तम करणाऱ्या डॉक्टरलाही खुब्याच्या सोनोग्राफीचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागते.

वेळेत सापडलेल्या दोषावर उपाय आहे तो कापडी पट्ट्यांचा. चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथील आर्नोल्ड पाव्हलिक यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हा पट्टा प्रचारात आणला. त्यात बाळाचे गुडघे दुमडलेले व मांड्या बाहेर उघडलेल्या राहतात, पण पाय मारायची मोकळीक असते. पूर्वी मांड्या बळाने उघडून प्लास्टरमध्ये जखडत असत. त्यात माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरण्याची भीती होती. पट्टा बहुतेक वेळ, सुरुवातीला रात्रंदिवस, बांधायचा असतो. डॉक्टरांनी तो वरचेवर तपासून बाळाच्या वाढीप्रमाणे सैल करावा लागतो. सहा महिन्यांनंतर मात्र पट्टा सहसा पुरत नाही. भूल देऊन सांधा बसवणे आणि छातीपासून पायांपर्यंतचे प्लास्टर, ही पुढची पायरी. दीड वर्षानंतर बहुधा शस्त्रक्रिया आणि पुष्कळदा हाड कापून उखळीची दिशा बदलणे. कॅनडाचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९६१ मध्ये वर्णन केलेली अशी शस्त्रक्रिया आजही केली जाते. काहीच केले नाही तर लंगडणे, कंबरदुखी आणि ऐन तारुण्यात किंवा मध्यमवयात झिजलेला सांधा बदलण्याची वेळ. बाधितांत बहुसंख्य मुली असल्याने या लंगडण्याचा अर्थ आपल्या समाजात लग्नापर्यंत कसा जातो, हे वेगळे सांगायला नको.

मग सर्वच बाळांची सोनोग्राफी का करू नये? ऑस्ट्रियाने १९९२ पासून आणि जर्मनीने १९९६ पासून तेच केले आहे. जर्मनीत चौथ्या-पाचव्या आठवड्यातील तपासणीचा तो भाग आहे. ब्रिटनने मात्र निवडक सोनोग्राफीचा मार्ग धरला. प्रत्येक बाळाची हाताने तपासणी जन्मानंतर ७२ तासांत आणि पुन्हा सहा ते आठ आठवड्यांनी होते. सोनोग्राफी फक्त पायाळू, कौटुंबिक इतिहास असलेल्या किंवा तपासणीत शंका आलेल्या बाळांची. नॉर्वेतील बर्गन येथे या प्रश्नावर मोठा तुलनात्मक अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात जवळपास १२ हजार बालके होती. उशिरा सापडणाऱ्या दोषाचे प्रमाण सार्वत्रिक सोनोग्राफीच्या गटात हजारी ०.३, निवडक गटात ०.७ आणि सोनोग्राफी नसलेल्या गटात १.३ असे होते. उतार दिसतो, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्विवाद ठरला नाही. उलट सार्वत्रिक गटात ३.४ टक्के बाळांवर उपचार झाले, तर इतर दोन गटांत सुमारे २ टक्के बाळांवर. म्हणजे सर्वांची सोनोग्राफी केली की काही बाळांना विनाकारण पट्टा लागतो. हा वाद अजून संपलेला नाही, आणि 'यंत्र आहे म्हणून वापरा' असे म्हणणाऱ्यांनी तो डोळ्यांआड करू नये.

भारतात २०२२ मध्ये बालअस्थिरोग, बालरोग, नवजातशास्त्र, क्ष-किरण, अल्ट्रासाउंड, स्त्रीरोग आणि अस्थिरोग अशा क्षेत्रांतील सात राष्ट्रीय संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केल्या. त्यांनी निवडक पद्धत स्वीकारली. खुबे जन्मतः तपासावेत, नंतर मूल चालू लागेपर्यंत लसीकरणाच्या भेटींत पुन्हा पुन्हा तपासावेत आणि जोखमीच्या बाळांची सोनोग्राफी सहाव्या आठवड्याच्या सुमारास करावी, हा त्यांचा गाभा. लसीकरणाला बाळ येतेच, तेव्हा त्याच भेटीत दोन मिनिटे मांड्या उघडून पाहाव्यात, ही कल्पना मला सर्वात व्यवहार्य वाटते. त्याआधी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शोधावयाच्या जन्मदोषांच्या यादीत खुब्याच्या या दोषाचा समावेश झालेलाच होता. आशा कार्यकर्तीच्या नवजात गृहभेटींतील शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. ४२ दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. कागदावर सारे जुळून येते.

ते सुरतेत कसे विस्कटू शकते, ते पाहू. तापीकाठच्या या शहरात यंत्रमाग, कापड प्रक्रिया आणि हिरे यांच्या बळावर देशभरातून माणसे आली. त्यात खानदेशातून आलेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. उधना, लिंबायत, पांडेसरा, दिंडोली या भागांत अहिराणी आणि मराठी सर्रास कानावर पडते आणि महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. सुरत-भुसावळ हा लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशी गावे जोडत जातो, आणि ही कुटुंबे त्याच मार्गाने सणावाराला, लग्नकार्याला आणि बाळंतपणाला ये-जा करतात.

आता पहिलटकरणीचे बाळंतपण माहेरी, ही आपली रीत लक्षात घेऊ. समजा, लिंबायतमधील एक सून सातव्या-आठव्या महिन्यात अमळनेरकडच्या माहेरी गेली. बाळ पायाळू असल्यामुळे शस्त्रक्रियेने प्रसूती झाली. मुलगी झाली. पहिलटकरीण, पायाळू, मुलगी, म्हणजे जोखमीची तीन कारणे एकाच बाळात. सव्वा महिना बाळंतीण घराबाहेर पडत नाही. सव्वा महिना संपतो आणि जेमतेम आठवड्याने सहा आठवड्यांची लस येते. रीत आणि शास्त्र यांची इतकी चांगली गाठ क्वचितच पडते. त्या लसीच्या दिवशीच खुब्याची सोनोग्राफी व्हायला हवी, आणि ती व्हायला हवी माहेरच्या तालुक्यात, जिथे खुब्याची सोनोग्राफी करणारा हात मिळेलच असे नाही. समजा मिळाला आणि अहवाल आला 'टाइप २ अ'. आता पुन्हा तपासणी १२ आठवडे होण्याच्या आसपास. पण तिसऱ्या महिन्यात बाळाला घेऊन सून सुरतेला परतते. नोंद राहते महाराष्ट्रातील कागदावर, बाळ येते गुजरातमधील आरोग्य केंद्राच्या हद्दीत. तेथील आशा कार्यकर्तीच्या यादीत या बाळाचा जन्मच नसतो, आणि आईच्या हातातील लसीकरण कार्डावर लसींच्या तारखा असतात, अल्फा कोन नसतो.

सुरतेत मोठी रुग्णालये नाहीत असे नव्हे. मजुरा गेटजवळचे न्यू सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर, ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली आहेत आणि दक्षिण गुजरातबरोबर सीमेलगतच्या महाराष्ट्रातूनही तेथे रुग्ण येतात. १९९४ च्या प्लेगनंतर या शहराने स्वच्छता आणि रोगांवरील देखरेख यांत जी झेप घेतली, तिची देशभर वाखाणणी झाली. परंतु प्लेग आणि ताप यांची देखरेख वस्तीवर करता येते, कारण आजारी माणूस त्या दिवशी त्या वस्तीत असतो. खुब्याच्या दोषाची देखरेख एका बाळावर, एका ठरलेल्या आठवड्यात करायची असते आणि ते बाळ त्या आठवड्यात शहरातच नसते. स्थलांतरितांच्या शहरात ही अडचण यंत्रांच्या संख्येने सुटत नाही. ती सुटायची तर बाळाबरोबर कागद प्रवास करायला हवा.

यंत्राबाबतही एक गाठ आहे. गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी यंत्र आणि ते ठेवण्याची जागा नोंदणीकृत असावी लागते, आणि छोटे यंत्र उचलून वस्तीवस्तीत नेण्यावर कडक निर्बंध आहेत. मुलींच्या गर्भांची कत्तल पाहता हा कायदा आवश्यकच होता व आहे. पण त्याचा एक परिणाम असा, की जन्मलेल्या मुलीचा खुबा पाहण्यासाठी यंत्र लसीकरण केंद्रात सहज नेता येत नाही. मंगोलियासारख्या विरळ वस्तीच्या देशाने स्विस डॉक्टरांच्या साह्याने ग्राफ पद्धतीचा कार्यक्रम उभारला. तेथे दूरच्या रुग्णालयांतील प्रतिमा इंटरनेटवरून तज्ज्ञांना दाखवून घेतल्या जातात. आपल्याकडे यंत्र जागेवर ठेवून प्रतिमा तज्ज्ञापर्यंत पोहोचवण्याची ही वाट कायद्याला बाधा न आणता धरता येण्यासारखी आहे.

घरी करण्यासारखेही काही आहे आणि त्याला खर्च नाही. जपानमध्ये तान्ह्या बाळांचे पाय सरळ करून बांधण्याची रीत होती. १९७५ च्या सुमारास तेथील डॉक्टरांनी ती मोडण्याची मोहीम घेतली आणि निखळलेल्या खुब्यांचे प्रमाण झपाट्याने घटले. आपल्याकडे दुपट्यात बाळाला गच्च गुंडाळून पाय सरळ, एकमेकांना चिकटवून ठेवण्याची सवय आहे. गुंडाळू नये असे नाही. छातीभोवती हवे तर घट्ट गुंडाळावे, पण कमरेखाली दुपटे सैल असावे, बाळाला गुडघे दुमडून मांड्या पसरता आल्या पाहिजेत. मालिश करणारी बाई दोन्ही पाय जुळवून ताणते व 'उंची वाढेल' असे सांगते, ते टाळावे. तेल चोळण्याला कोणाची हरकत नाही. उलट मूल मान धरू लागल्यावर त्याला कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यासाठी उत्तमच. मांड्या पसरलेल्या, गुडघे वाकलेले, जणू हलता पाव्हलिक पट्टाच! बाळाला पाठीशी किंवा पोटाशी बांधून काम करणाऱ्या कष्टकरी बायाही नकळत तेच करतात.

गोव्याच्या दृष्टीने सुरतेचे हे चित्र दूरचे नाही. आपल्याकडे जवळजवळ सर्व प्रसूती रुग्णालयात होतात, अंतरे लहान आहेत, बांबोळीचे गोमेकॉ आणि म्हापसा-मडगावची जिल्हा रुग्णालये राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यापासून काही तासांच्या आत आहेत. नवजात बालकांच्या रक्तातील चयापचय दोष शोधण्याचा कार्यक्रम गोव्याने २००८ मध्ये हाती घेतला होता, तेव्हा नवजातांची चाचणी ही कल्पना येथे नवी नाही. निवडक सोनोग्राफीसाठी याहून अनुकूल राज्य शोधून सापडणार नाही. परंतु वास्को, मडगाव, म्हापसा परिसरात राहणाऱ्या कामगारांच्या बायका बाळंतपणाला कर्नाटकात किंवा कोकणात माहेरी जातात आणि गोवेकर मुलीही सासर परराज्यात असले तरी पहिल्या खेपेला येथे येतात. ही बाळे दोन्ही बाजूंच्या याद्यांतून गळू शकतात.

अशा कुटुंबांनी प्रसूतीनंतर घरी सोडण्याच्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : बाळ पायाळू होते का, किती आठवडे तसे होते, जन्मानंतर खुबे तपासले का आणि त्यांत काय आढळले. बाळ शेवटच्या दिवसांत फिरून डोक्याकडून जन्मले असले, तरी ते आधी पायाळू होते ही नोंद महत्त्वाची असते. सिझेरियन झाले म्हणून पायाळूपणाची जोखीम संपत नाही. सोनोग्राफी झाली असेल तर नुसते 'नॉर्मल' न लिहिता दोन्ही खुब्यांचा टाइप, अल्फा कोन आणि त्या दिवशीचे बाळाचे वय लिहून मागावे आणि हा कागद लसीकरण कार्डालाच टाचून ठेवावा. सहा महिने उलटून गेले असतील आणि शंका वाटत असेल, तर सोनोग्राफीचा हट्ट न धरता अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. त्या वयात साधे क्ष-किरण छायाचित्रच अधिक सांगते. पट्ट्याने बऱ्या झालेल्या खुब्याचेही छायाचित्र पुढे काही वर्षे ठरावीक अंतराने काढावे लागते, कारण मूल धावू लागल्यावरही उखळीची घडण चालूच असते.